यमाच्या दिशेला तोंड केलेल्या प्लेटा

दत्ता, तुझ्या शोकसभेचा माइक डिझेलवर चालला.

हे आधी सांगून टाकतो, कारण दुसरं कुणी तुला सांगणार नाही. सभागृहात तुझा फोटो, फोटोला गुलाबाचा हार, समोर समई, आणि खिडकीबाहेर आपला तो राक्षस जनरेटर ढुरढुरतोय. प्राचार्य म्हणाले, "दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या." आम्ही स्तब्ध झालो, जनरेटर झाला नाही. त्या दोन मिनिटांत त्यानं इतका धूर ओकला की पहिल्या रांगेतल्या सगळ्या प्राध्यापकांच्या डोळ्यांना धारा लागल्या. दुसऱ्या दिवशी अख्ख्या कडेगाव तालुक्यात बातमी, की दत्ता सरांसाठी स्टाफ ढसाढसा रडला. निम्मं श्रेय धुराचं होतं. माझं रडू मात्र खरं होतं, आणि त्यात दुःखापेक्षा संताप जास्त होता.

ज्या माणसानं उभ्या आयुष्यात एकच हट्ट धरला, की आपल्या कॉलेजची वीज आपल्या कॉलेजच्या छपरावर पिकली पाहिजे, त्याला निरोप द्यायला डिझेल? एखाद्या पैलवानाच्या तेराव्याला चहा-बिस्किटावर बोळवण करावी तसं झालं हे. आणि हो, आता कॉलेज म्हणायचं नाही. आपण अभिमत विद्यापीठ झालोय. फाटकावरची पाटी मोठी झाली, रंग बदलला, कमान आली. लाइट मात्र पूर्वीसारखीच, पाहुण्यासारखी येते आणि जावयासारखी रुसते.

लोकांना आपली जोडी कधी कळली नाही. तू इलेक्ट्रिकलचा प्राध्यापक, मी खेळाचा मास्तर. एका गावचे, एका शाळेचे, एका मोटरसायकलीवरचे. तुझा आवाज इतका बारीक की तू हजेरी घेताना मुलं ओठ वाचायची. माझी शिट्टी इतकी मोठी की मी इथं फुंकली तर कराडला एसटीचा ड्रायव्हर डबल बेल समजून गाडी सोडायचा. मी एकाचे दहा करून सांगणारा, तू दहाचे दहाच ठेवणारा. आपल्या कबड्डीच्या मुली साताऱ्याला हरून आल्या तेव्हा मी बसस्टँडवर सांगत होतो, की पंचांनी रडून माफी मागितली. मागून तुझा बारीक आवाज आला, "न्हाई वो, सरळ हरलो. त्यांची चढाई चांगली हुती." एवढा राग आला होता मला तुझा! मी रंगवलेलं चित्र तू ओल्या फडक्यानं पुसायचास आणि वर हसायचास.

सायकल स्टँडच्या पत्र्यावर तू पहिली सोलरची प्लेट बसवलीस, तो दिवस मी विसरणार नाही. एकच प्लेट. तिच्यावर तू माझा मैदानावरचा भोंगा चालवून दाखवलास. लाइट गेलेली, जनरेटर बंद, आणि माझा आवाज मैदानभर घुमतोय. मी त्या दिवशी आनंदानं इतका बोललो की पलीकडच्या उसाच्या फडातली माणसं कोयते टाकून ऐकायला आली. तू खाली उभा राहून वर प्लेटेकडं बघत होतास, लेकराला पहिल्यांदा शाळेत सोडल्यासारखा.

"मास्तर," तू म्हणालास, "अशा प्लेटा सगळ्या इमारतींवर बसवायच्या. दिवसा प्रयोगशाळा, वर्ग. बॅटऱ्या भरल्या की संध्याकाळी मुलींचं वसतिगृह. आपल्या उन्हाची वीज आपल्या पोरींच्या पुस्तकावर पडली पायजे."

"आणि माझं मैदान?"

"तुझं मैदान शेवटी."

"का रं शेवटी?"

"तुझ्या आवाजावरच चार बल्ब पेटतील की."

त्यानंतर किती वर्षं तू संस्थेच्या दारात उभा राहिलास, ते मी मोजत नाही. एकदाची मंजुरी आली, लोखंडी सांगाडे आले, निळ्या-काळ्या प्लेटांचे ढीग आले. तू खिशात होकायंत्र घालून छपरावर असा फिरायचास की शिपाई म्हणायचे, सरांनी वर खोली घेतलीय. सगळ्या प्लेटा दक्षिणेकडं तोंड करून बसल्या, आणि मग आपले अध्यक्ष अण्णासाहेब कॉलेजात आले. गाडीतून उतरले, वर बघितलं, आणि तिथंच थबकले.

"दत्ता सर, ह्या सगळ्या दक्षिणेला का बघत्यात?"

तू सांगितलंस, की आपल्या भागात सूर्य वर्षातला बहुतेक काळ दक्षिणेकडून कलून जातो, म्हणून.

"आवं, दक्षिण म्हंजे यमाची दिशा! पोरांच्या डोक्यावर एवढ्या आरशासारख्या प्लेटा यमाकडं तोंड करून बसवताय?"

मग ती केबिनमधली बैठक. मीही होतो, न बोलावता. पुण्याहून एक वास्तुतज्ज्ञ आणलेला, पांढऱ्या बुटातला. तो म्हणाला, ज्ञानाची दिशा उत्तर. तू टेबलावर नकाशा पसरलास, बॅटरीचा झोत पाडून दाखवलास, पुठ्ठ्याचा तुकडा इकडं-तिकडं कलवलास. अण्णासाहेब जांभई देत होते. मग तू तुझ्या बारीक आवाजात विचारलंस, "अण्णासाहेब, थंडीत सकाळी तुमची खुर्ची बंगल्याच्या कुठल्या अंगाला ठेवत्यात?"

"दक्षिणेच्या. तिथं ऊन येतंय."

"मग प्लेटांनी काय पाप केलंय?"

दत्ता, मला वाटलं, संपलं! जिंकलास! मी टाळी वाजवायला हात उचलले होते. पण अण्णासाहेब म्हणाले, "खुर्ची दक्षिणेला असती, पण माझं तोंड पूर्वेला असतंय."

यावर वास्तुवाल्यानं मान डोलावली. मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, आवं, गावोगाव दक्षिणमुखी मारुती हायेत, त्यांचं काय? तर म्हणाले, "मारुतीला यम घाबरतो मास्तर. तुमच्या प्लेटेला कोण घाबरणार?"

खरं कारण वेगळं होतं, हे तुला आणि मला दोघांनाही माहीत होतं. हमरस्ता आपल्या उत्तरेला. प्लेटांची पाठ रस्त्याकडं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना काय दिसणार, लोखंडी पाय? यम नुसता नावाला होता, खरी भीती रस्त्यावरच्या लोकांना प्लेटा न दिसण्याची होती.

तू वाईला वहिनींच्या माहेरी लग्नाला गेलास आणि इकडं सगळ्या प्लेटा उत्तरेला फिरल्या. वर आणखी कहर म्हणजे अण्णासाहेबांनी फिटरना खालून ओरडून सांगितलं, "जरा उभ्या करा की रं! झोपल्यावानी काय दिसत्यात!" म्हणून त्या ताठ केल्या. हमरस्त्यावरून लय झकास दिसायच्या, खोटं कशाला बोलू. विट्याकडं जाणारे लोक गाड्या थांबवून फोटो काढायचे. तू परत आलास, फाटकात उभा राहून वर बघितलंस आणि मोटरसायकल बंद करायची विसरलास.

ते उन्हाळ्याचे दिवस. सूर्य डोक्यावर, प्लेट कुठंही बघू दे, थोडीफार वीज यायचीच. उद्घाटन झालं, फीत कापली, पंखे फिरले. अण्णासाहेब मला म्हणाले, "बघा मास्तर, उत्तरेचा गुण." तू नुसतं म्हणालास, "दिवाळी होऊ दे."

दिवाळी झाली. सूर्य दक्षिणेला कलला आणि आपल्या प्लेटा त्याच्याकडं पाठ करून, ताठ मानेनं, हमरस्ता बघत उभ्या. वीज इतकी कमी, की तेवढ्यात एखाद्या काजव्याचं तरी भागलं असतं का, शंका आहे. बॅटऱ्या भरेनात. वसतिगृहात दिवे लागेनात. परीक्षेच्या वेळी प्रयोगशाळेत जनरेटर. आणि दोष कुणाचा? दत्ता सरांचा! सोलरच खोटं! दत्ताचं खूळ! ऑफिसातल्या लोकांनी तुला नाव ठेवलं, 'ढगाळ सर'. ते नाव पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा मी त्या क्लार्कची कॉलर धरली होती, हे तुला कधी सांगितलं नाही. तू म्हणाला असतास, कॉलर सोड, त्याला दिशा समजावून सांग.

संध्याकाळी मुली विचारायच्या, "सर, आज लाइट लागंल का वो?" आणि तू, ज्यानं यातला एक नट चुकीचा पिळला नव्हता, खाली बघायचास. "चूक प्लेटांची न्हाई गं. दिशेची हाय." एवढंच. अण्णासाहेबांचं नाव नाही, वास्तुवाल्याचं नाव नाही. मग पुन्हा नकाशा काखेत मारून केबिन. पुन्हा तोच नकार.

आपलं खरं भांडण त्यावरूनच झालं आणि ते अर्धवट राहिलं. वसतिगृहाच्या कठड्याला टेकून आपण शेंगा खात होतो. मी म्हटलं, "गड्या, त्यांना खरं पचत न्हाई. एक थाप मार. सांग, स्वप्नात देवी आली आणि म्हणाली प्लेटा फिरव. थापा मी देतो, लय हायेत माझ्याकडं, फुकट."

तू शेंगेची टरफलं ओंजळीत गोळा करत होतास. "थापेनं फिरलेली प्लेट उद्या दुसऱ्या थापेनं परत फिरंल, मास्तर."

"आणि तोवर पोरी अंधारात बसू देत?"

तू टरफलांची ओंजळ खिशात रिकामी केलीस. मी रागानं उठून गेलो. दोन दिवस मोटरसायकलीवर आपण एकमेकांशी बोललो नाही. पुढं बसून मी शिट्टी वाजवत गाडी चालवत होतो आणि मागं तू गप्प. मग बोलायला लागलो, पण त्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. आणि तू छातीत कळ आली म्हणून सांगलीच्या दवाखान्यात जाऊन पडलास. मी बाहेर बाकावर बसून डॉक्टरला काय काय सुनवायचं ते ठरवत होतो. तू तिथंही आवाज न करता गेलास. दत्त्या, एकदा तरी ओरडायचं होतंस रे! जाताना तरी!

आता ऐक पुढचं. त्या धुराच्या शोकसभेत अण्णासाहेब उभे राहिले. आवाज भरून आलेला. म्हणाले, "दत्ता सर म्हणजे आमच्या विद्यापीठाचा सूर्य होते. त्यांचं स्वप्न संस्थेनं साकार केलं. या सौर प्रकल्पाला आम्ही त्यांचंच नाव देत आहोत." टाळ्या! टाळ्या, दत्ता! उत्तरेला तोंड केलेल्या, बंद पडल्यात जमा असलेल्या प्लेटांना तुझं नाव. म्हणजे जन्मभर पाटी राहणार, आणि प्रत्येक थंडीत मुली म्हणणार, दत्ता सरांचं सोलर, लागतच नाही. तुझ्या चुकीचं नव्हे, त्यांच्या चुकीचं स्मारक, तुझ्या नावानं! मी खुर्चीवरून उठलो, तर प्राचार्यांनी माझा हात घट्ट धरला. जनरेटरच्या आवाजात माझाही आवाज ऐकू गेला नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी अण्णासाहेब तुझ्या घरी समाचाराला आले. पाटीसाठी तुझा चांगला फोटो हवा होता. कोपऱ्यात तुझा दिवा जळत होता, वहिनी जवळ बसल्या होत्या. मी दाराशी. अण्णासाहेब तुझे गुण सांगत होते आणि माझी नजर त्या दिव्यावर. वात दक्षिणेला. आणि दत्ता, मी आपलं अर्धवट भांडण तिथंच एकट्यानं निकालात काढलं. म्हटलं, तू गप्प बस आता.

"अण्णासाहेब," मी आवाज खाली आणला, अगदी तुझ्याएवढा. "मेलेल्या माणसाचा दिवा कुठल्या तोंडानं लावत्यात?"

"दक्षिणेच्या."

"मग त्याच्या नावाची वीज उत्तरेला तोंड करून? आवं, जीव अडकतोय अशानं. त्याला जायला वाट न्हाई. मग तो फिरतोय, जिथं त्याचं काम अडलं हुतं तिथं." मी दिव्याकडं बोट केलं. "तुमच्या केबिनीत यायचा न्हवं का, नकाशा घेऊन? यायचा तसाच. फक्त आता दार वाजवणार न्हाई."

अण्णासाहेबांचा चेहरा असा झाला, की मी जन्मभर सांगितलेल्या सगळ्या भुतांच्या गोष्टी फुकट गेल्या नाहीत असं वाटलं. त्यांनी वहिनींकडं पाहिलं. वहिनी वाईच्या, घाटावर वाढलेल्या, शास्त्राचं त्यांना जास्त कळणार. "वहिनी, मास्तर म्हणत्यात ते खरं काय?"

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. तुझ्यासोबत इतकी वर्षं राहिलेली बाई, खोटं कशी बोलणार? त्या दिव्याकडं बघून म्हणाल्या, "यांचा दिवा मी दक्षिणेलाच लावलाय."

एवढंच. शब्द न् शब्द खरा. थाप सगळी माझी.

अण्णासाहेबांनी अंगणात जाऊन वास्तुवाल्याला फोन लावला. तो पांढऱ्या बुटातला महापुरुष म्हणाला म्हणे, दिवंगताच्या नावे असेल तर दक्षिणच उत्तम! तू आयुष्यभर पुठ्ठा कलवून दाखवलास ते चुकीचं, आणि तू मेल्यावर तेच शास्त्र! फिटर दुसऱ्या दिवशी छपरावर. एकेक प्लेट फिरली, तू आखलेल्या कलानुसार खाली झुकली. दुपारपर्यंत जनरेटरचा आवाज थांबला. इतका थांबला की मला आपल्या कॉलेजात चिमण्या आहेत हे पहिल्यांदा कळलं. संध्याकाळी वसतिगृहाच्या खिडक्या एका ओळीत पिवळ्या झाल्या. मी खाली उभा होतो. तुझी जागा मोकळी ठेवून उभा होतो.

मी वहिनींना सांगायला गेलो. त्या ऐकून रडल्या, मग हसल्या, मग म्हणाल्या, "भाऊजी, त्यांना आवडलं नसतं हो."

माहीत आहे मला. आणि तुझंच खरं निघालं, मेल्या. आता अण्णासाहेब पाहुण्यांना घेऊन येतात आणि सांगतात, "दत्ता सरांच्या आत्म्याला शांती मिळाली आणि वीज वाढली!" छपरावर जिन्यालगतच्या प्लेटेवर रोज हार चढतो. हाराची सावली पडून तेवढी वीज घटते ती निराळीच. कुणी तरी कुंकू लावलंय, कुणी उदबत्ती खोचलीय. सूर्याचं नाव कुणी घेत नाही. तू अभ्यास केलास, तू मांडलंस, तू अपमान गिळलास, आणि श्रेय मिळालं तुझ्या भुताला! त्या भुताची थाप मीच मारली होती, म्हणून राग कुणावर काढावा हेही कळेना. उद्या अण्णासाहेबांच्या स्वप्नात दुसरा कुणी गेला की प्लेटा परत रस्त्याकडं.

म्हणून परवा दुपारी मी सगळ्या मुला-मुलींना मैदानावर रांगेत उभं केलं. थंडीचं स्वच्छ ऊन. शिट्टी फुंकली. "सावलीकडं तोंड!" सगळे वळले. "कुठली दिशा?"

"उत्तर, सर!"

"सावली उत्तरेला, तर सूर्य कुठं?"

"दक्षिणेला!"

"म्हंजे प्लेटा कुठं बघायला पायजेत?"

"दक्षिणेला!"

रोज भर दुपारी ही कवायत. अभ्यासक्रमात नव्हती, आता आहे. काल त्या आवाजानं अण्णासाहेब केबिनमधून बाहेर आले. "काय चाललंय मास्तर हे?"

मी तोंड उघडायच्या आत वसतिगृहातली एक मुलगी रांगेतूनच म्हणाली, "अण्णासाहेब, आत्म्याचा काय संबंध न्हाई वो. दत्ता सर म्हणायचे ते हेच. तुम्हीच बघा की, तुमची सावली कुठं पडलीय."

अण्णासाहेबांनी मान खाली घालून आपल्या सावलीकडं पाहिलं, मग वर छपराकडं, मग पुन्हा सावलीकडं. हळूहळू जिना चढून वर गेले आणि जिन्यालगतच्या प्लेटेवरचा हार स्वतःच्या हातानं काढला.

दत्ता, ही गोष्ट मी बसस्टँडवर जशीच्या तशी सांगतो. एक शब्द वाढवत नाही.